गहू बंद करण्याआधी रक्त तपासून घ्या

प्रिय ताई,
माझी मुलगी १४ महिन्यांची आहे. जन्मतः २.९ किलो होती, सहाव्या महिन्यात ७.१, नवव्या महिन्यात ७.५ आणि परवा मोजलं तर ७.२. सहा महिने झाल्यावर गव्हाचं सत्त्व सुरू केलं, मग रव्याची खीर, दुधातलं बिस्किट, दहाव्या महिन्यापासून वरणात कुस्करलेली पोळी. गेले तीन महिने दिवसातून चार-पाच वेळा फिकट, चिकट, फार वास येणारी शी होते. पोट मोठं दिसतं, हातपाय काडीसारखे. धरून उभी राहायची, तेही बंद झालंय. सारखी किरकिर. हिमोग्लोबिन ७.८ आहे, दोन महिने लोहाचे थेंब देऊनही वाढलं नाही. सासूबाई म्हणतात दात येताहेत. यांचं म्हणणं, उगाच किती सुया टोचायच्या? माझ्या नणंदेला लहानपणापासून मधुमेह आहे, इन्शुलिन घ्यावं लागतं. एका मैत्रिणीने सिलिॲकबद्दल सांगितलं आणि गहू सोडून बघ म्हणाली. चार दिवस झाले, गहू बंद केलाय. माझ्याच दुधात किंवा खाऊ घालण्यात काही कमी पडलं का?
– एक आई, जळगाव

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, तुमचं काही कमी पडलेलं नाही. सहाव्या महिन्यात ७.१ किलो म्हणजे मुलींच्या सरासरीच्या अगदी जवळ. अंगावरच्या दुधावर जे बाळ तिथवर पोचलं, त्याची आई दुधात कमी पडली असं कोणी म्हणू शकत नाही. घसरण सुरू झाली ती नंतर. तिचं कारण शोधायचं आहे, आणि ते याच आठवड्यात शोधायला लागायचं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गहू आज संध्याकाळपासून परत सुरू करा. हे विचित्र वाटेल, पण कारण पक्कं आहे. सिलिॲकमध्ये गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. रक्ततपासणीत दिसतात त्या या हल्ल्यातल्या अँटिबॉडी, आणि बायोप्सीत, म्हणजे आतड्याचे बारीक तुकडे काढून केलेल्या तपासणीत, दिसते ती आतड्याची झालेली हानी. गहू थांबला की दोन्ही हळूहळू ओसरतात. मग रिपोर्ट नॉर्मल येतो आणि आजार असून नसल्यासारखा दिसतो. चार दिवसांनी फरक पडत नाही, अँटिबॉडी उतरायला आठवडे-महिने लागतात. पण ‘महिनाभर बघू’ म्हणून थांबलात आणि तिचं वजन वाढलं, तर पंचाईत होते. निदान पक्कं करायला पुन्हा कित्येक आठवडे मुद्दाम गहू खाऊ घालावा लागतो, आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलांना असं करणं तज्ज्ञ शक्यतो टाळतात, कारण वाढीच्या ऐन वयात आतडं पुन्हा दुखावतं. मग पथ्य जन्मभर पाळायचं की नाही हा प्रश्न वर्षानुवर्षं तसाच लोंबकळत राहतो. गव्हाचं प्रमाण मात्र वाढवू नका. आधी जेवढा देत होता तेवढाच, रोज, तपासण्या पूर्ण होईपर्यंत.

याला एक अपवाद आहे. पाण्यासारखे भरपूर जुलाब, सतत उलट्या, सहा-आठ तास लघवी नाही, बाळ मलूल होऊन मान टाकतंय, पायांवर सूज, यांतलं काहीही दिसलं तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या. रक्तातलं पोटॅशियम घसरून जिवावर बेतू शकतं. अशा वेळी डॉक्टर रक्ताचा नमुना काढून घेतात आणि रिपोर्टची वाट न बघता गहू बंद करतात. तो निर्णय त्यांचा.

दवाखान्यात जाण्याआधी अंगणवाडीत जाऊन दोन गोष्टी करून घ्या. एक, तुमच्या माता-बाल संरक्षण कार्डावरच्या वजनाच्या तक्त्यात सगळी वजनं तारखांसह टिंबं देऊन जोडून घ्या. १४ महिन्यांच्या मुलीसाठी हिरवा पट्टा साधारण ७.४ किलोला संपतो, म्हणजे ती आता पिवळ्यात आहे. पण पट्ट्यापेक्षा रेषेची दिशा जास्त बोलते. जन्मापासून बारीकच असलेलं आणि आपल्याच रेषेला धरून वाढणारं मूल वेगळं, आणि सहाव्या महिन्यापर्यंत मधल्या रेषेवर असलेलं, मग आडवं होऊन खाली उतरलेलं मूल वेगळं. ‘सगळी मुलं सारखी नसतात’ हे पहिल्या प्रकारच्या मुलाला लागू आहे, तुमच्या मुलीला नाही. दुसरं, दंडाचा घेर मोजणारी रंगीत पट्टी लावून घ्या. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला, पट्टी कातडीला टेकलेली पण आवळलेली नाही. ११.५ सेंटिमीटरच्या खाली आलं तर ते तीव्र कुपोषण. मग पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करण्याबद्दल त्याच दिवशी विचारा, आणि सिलिॲकच्या तपासण्या तिथे राहूनच करून घ्या.

एका कागदावर गव्हाचा पहिला घास कधी दिला, जुलाब कधी सुरू झाले, गेल्या सात दिवसांत काय काय खाल्लं हे लिहा. शीचा आणि पोटाचा बाजूने काढलेला फोटो मोबाइलमध्ये ठेवा. फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारी शी शब्दांत सांगण्यापेक्षा दाखवलेली बरी. नणंदेचा मधुमेह आवर्जून सांगा. लहानपणी होणारा इन्शुलिनचा मधुमेह आणि सिलिॲक यांच्यामागे काही जनुकं सामाईक असतात, त्यामुळे घरात एक असेल तर दुसऱ्याचा विचार व्हायलाच हवा. कुणाला थायरॉइड असेल, वर्षानुवर्षं न सुधारणारी रक्तक्षयाची तक्रार असेल तर तेही लिहा. लोहाचे थेंब का लागू पडले नाहीत याचंही उत्तर बहुधा इथेच आहे. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि सिलिॲक सगळ्यात आधी आणि जास्त दुखावतो तो हाच भाग. तिथली मखमलीसारखी लव झडली की वरून कितीही थेंब द्या, ते वाहून जातात.

डॉक्टरांसमोर तक्ता ठेवून असं म्हणा: “सहाव्या महिन्यापर्यंत वजन मधल्या रेषेवर होतं, आता पाच महिन्यांत ते घटलंय. जुलाब तीन महिन्यांचे आहेत, हिमोग्लोबिन थेंबांनी वाढत नाही. सिलिॲकसाठी टीटीजी आयजीए आणि त्याच नमुन्यातून टोटल आयजीए करूया का?” ‘तिचं पोट बरं नसतं’ एवढ्यावर थांबलात तर जुलाबाचं औषध आणि टॉनिक घेऊन घरी याल. हा पंजाब-हरियाणाकडचा आजार, असंही ऐकायला मिळेल. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत उत्तरेतल्या प्रौढांमध्ये हे प्रमाण १.२३ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळलं. मात्र त्यासाठी लागणारी जनुकं दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. मोठा फरक होता तो रोजच्या गव्हाच्या प्रमाणात. खानदेशातल्या घरात दोन्ही वेळा पोळी असेल तर भूगोल तिला वाचवत नाही.

टीटीजी आयजीए ही सिलिॲकमधली अँटिबॉडी शोधणारी रक्ततपासणी, आणि टोटल आयजीए म्हणजे त्या प्रकारच्या अँटिबॉडी शरीरात एकूण किती आहेत याचं मोजमाप. या दोन तपासण्या जोडीनेच हव्यात. काही मुलांच्या शरीरात अँटिबॉडीचा आयजीए हा प्रकारच फार कमी तयार होतो. त्यांचा टीटीजी आयजीए आजार असूनही नॉर्मल येतो आणि सगळे निर्धास्त होतात. टोटल आयजीए कमी निघालं तर आयजीजी प्रकारच्या अँटिबॉडी बघाव्या लागतात. उपाशीपोटी जायची गरज नाही, उलट पोट भरलेलं असलेलं बरं, शीर लवकर सापडते. दोन-तीन मिलिलिटर रक्त पुरतं. तुमच्या यजमानांना सांगा की हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉइड, यकृताची एन्झाइम्स, सोडियम-पोटॅशियम, ड जीवनसत्त्व हे सगळं याच एका टोचण्यात होतं. सुया कमी करायच्या असतील तर हाच मार्ग. सोबत शी आणि लघवी द्यायला विसरू नका. जिआर्डिया नावाचा परजीवी जुलाब, फुगलेलं पोट आणि घटतं वजन हे सगळं हुबेहूब असंच दाखवतो, आणि लघवीतला जंतुसंसर्ग तर काहीही न दाखवता वजन रोखून धरतो.

बाजारात ‘फूड इन्टॉलरन्स पॅनल’ म्हणून शंभर-दोनशे पदार्थांची महागडी तपासणी मिळते. तिच्यावर एक रुपयाही घालवू नका, त्यातून सिलिॲकचं निदान होत नाही. जुनी अँटि-ग्लायडिन तपासणीही आता भरवशाची मानत नाहीत. जनुकांची एचएलए तपासणी कुणी सुचवली तर तिचा अर्थ समजून घ्या: ती निगेटिव्ह आली तर सिलिॲक जवळजवळ बाद होतो, पण पॉझिटिव्ह आली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण ही जनुकं धडधाकट माणसांतही सर्रास असतात.

टीटीजीचा रिपोर्ट वाचताना लोक हमखास गोंधळतात. आकडा एकटा वाचायचा नाही. प्रत्येक किटची नॉर्मलची वरची मर्यादा वेगळी असते, ती शेजारीच छापलेली असते. तुमच्या आकड्याला त्या मर्यादेने भागा. मर्यादा २० असेल आणि आकडा ६४, तर ते ३.२ पट. मर्यादा १० असेल आणि आकडा १४०, तर चौदा पट. दहा पट किंवा त्याहून जास्त असेल तर युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दुसऱ्या नमुन्यात ईएमए नावाची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली की बायोप्सीशिवाय निदान करता येतं. आपल्याकडे मात्र बरेच तज्ज्ञ तरीही बायोप्सी करून खात्री करून घेतात, आणि दहा पटीच्या खाली असेल तर ती लागतेच. जन्मभराचं पथ्य एका संशयावर लादायचं नसतं, म्हणून या आग्रहावर नाराज होऊ नका. टीटीजी पॉझिटिव्ह आला की पहिला फोन लहान मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांना करा. जळगावात सोय नसेल तर नाशिक, पुणे किंवा मुंबई. मोठ्यांच्या पोटविकारतज्ज्ञांकडे बायोप्सीसाठीची एंडोस्कोपी (नळीने आतून तपासणी) होते, पण इतक्या लहान बाळाला भूल देणारी अनुभवी माणसं तिथे असतीलच असं नाही.

एंडोस्कोपीची भीती मोठी असते, प्रत्यक्ष काम पंधरा-वीस मिनिटांचं. घन पदार्थ आणि वरचं दूध साधारण सहा तास आधी बंद, अंगावरचं दूध चार तास आधीपर्यंत चालतं. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच पाळा. तोंडातून बारीक नळी जाते, तीळभर आकाराचे तुकडे काढतात. आतड्याच्या अस्तराला चिमट्याचं दुखणं जाणवत नाही. बहुतेक मुलं त्याच संध्याकाळी घरी येतात. तुम्ही एकच विचारा: “किती तुकडे घेणार?” हानी सलग नसते, ठिगळाठिगळांनी असते. म्हणून किमान चार तुकडे लहान आतड्याच्या पुढच्या भागातून आणि एक अगदी सुरुवातीच्या फुगीर भागातून घ्यायला हवेत. दोनच घेतले आणि नेमके चांगल्या जागेतले आले, तर सगळी यातायात वाया जाते.

निदान पक्कं झालं तर ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, मका, साबुदाणा, सगळ्या डाळी तिच्या. भाकरीच्या घरात हे पथ्य पोळीच्या घरापेक्षा सोपं जातं. चुका होतात त्या वेगळ्याच ठिकाणी. डब्यातल्या हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, आणि आपली फोडणी हिंगाशिवाय होत नाही. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, सातूच्या पिठातही. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवापासून बनतात. खपली गहू ‘हलका’ म्हणून देतात. तो गहूच आहे, त्यातही ग्लूटेन आहे. आणि गिरणी! ज्वारी कितीही निवडून नेली तरी आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू त्याच जात्यातून गेलेले असतात, त्यामुळे घरगुती चक्की परवडत असेल तर घ्या, नाहीतर ‘ग्लूटेन-फ्री’ छापलेलं पाकीट. आपल्या खाद्य सुरक्षा प्राधिकरणाची त्यासाठीची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. तुम्ही स्वतः पोळी खाल्लीत आणि तिला अंगावर पाजलंत तर चालतं. पथ्य लागलं की किरकिर बहुधा आधी कमी होते, वजन त्यामागून येतं. सुरुवातीचे काही आठवडे दूध पचलं नाही तर घाबरू नका, आतड्याची लव परत आली की तेही पचू लागतं.

सासूबाईंशी वाद घालू नका. दातांनी शी थोडी पातळ होते असं त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. त्यांना फक्त तक्त्यावरची रेषा दाखवा आणि म्हणा, “आई, दात येताना पाच महिने वजन घटत नाही.” भाजणी, हिंग, फोडणी सगळं त्यांच्याच हातात असेल, तर उद्या पथ्य पाळायचं ठरलं की घरात सर्वांत मोठी मदत त्यांचीच होणार आहे.

आणि दोन्ही तपासण्या नॉर्मल आल्या तर? गहू चालू असताना काढलेलं रक्त असेल तर सिलिॲकची शक्यता खूप कमी होते, पण शोध तिथे थांबत नाही. वरच्या दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी, क्षयरोग, घामाच्या तपासणीतून कळणारा सिस्टिक फायब्रोसिस, हृदयाचा किंवा किडनीचा दोष, हे डॉक्टरांनी क्रमाने बघायला हवं. त्या वेळी गहू उगाच बंद ठेवू नका. निदान सिलिॲकचं निघालं तर तुमचं दोघांचं आणि तिला भाऊ-बहीण असेल तर त्यांचंही टीटीजी आयजीए करून घ्या, तक्रार नसली तरी. जवळच्या रक्ताच्या नात्यात साधारण दहातल्या एकाला हा आजार निघतो, आणि तुमच्या यजमानांच्या बाजूला नणंदेचा मधुमेह आहेच.