‘परस्परांच्या सोयीनुसार’ म्हणजे नेमके कोणाच्या सोयीनुसार?

पुण्यातील एक वाचक लिहितात : संमतीने घटस्फोटाचा अर्ज चार महिन्यांपूर्वी पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात दाखल केला आहे. सात वर्षांची मुलगी आईसोबत नाशिकला असते. संमतिपत्रात मुलीचा कायमचा ताबा आईकडे राहील आणि ‘वडील परस्परांच्या सोयीनुसार मुलीला भेटू शकतील’, असे लिहिले आहे. चार महिन्यांत भेट दोनदाच झाली. त्यातली एक सोसायटीच्या गेटवर, वीस मिनिटांची. मुलीसाठी ठरलेले दरमहा 15,000 रुपये मी नियमित पाठवतो. आता घटस्फोट होऊन जाऊ द्यावा आणि नंतर मुलीसाठी वेगळा अर्ज करावा का? तोपर्यंत पैसे थांबवले तर चालेल का?

या आशयाची पत्रे माझ्याकडे सतत येतात, आणि जवळपास प्रत्येक पत्रात हे दोन शब्द असतात. मुलाचे हित सर्वोपरी असते, लहान मुलाचा ताबा सहसा आईकडे जातो, वगैरे चर्चा येथे करत नाही. तुमच्या प्रकरणात ताबा कोणाकडे, हे तुम्ही स्वतःच्या सहीने ठरवून टाकले आहे. तुम्ही लिहिता की संमतिपत्र न्यायालयाबाहेर टंकलेखकाच्या टेबलाशी उभ्या उभ्या वाचले आणि ‘बाकीचे नंतर बघू’ असे ठरले. सदनिकेचा करारनामा तुम्ही असा वाचला नसता.

‘परस्परांच्या सोयीनुसार’ या अटीचा दोष असा की तिचा भंग होऊच शकत नाही. उद्या हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम निर्णय, झाला आणि भेट नाकारली गेली, तर तुम्ही दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल कराल. दरखास्त चालवणारे न्यायालय हुकूमनाम्यात लिहिले आहे तेवढेच बजावून घेते, त्यात स्वतःची भर घालत नाही. वार नाही, वेळ नाही, जागा नाही, मग बजावायचे काय? समोरून म्हणणे दाखल होईल की त्या शनिवारी मुलीची चित्रकलेची परीक्षा होती, पुढच्या शनिवारी तिला ताप होता, आणि सोय दोघांचीही असावी लागते. कागदाप्रमाणे ते म्हणणे बरोबर ठरेल. अवमानाच्या अर्जाची गतही तीच : हेतुपुरस्सर आज्ञाभंग सिद्ध करायला आधी आज्ञा स्पष्ट असावी लागते, आणि तो अर्जही एका वर्षाच्या आत करावा लागतो. अपिलाचा विचार असेल तर कौटुंबिक न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 19 नुसार उभयतांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही.

घटस्फोटानंतर दार कायमचे बंद होते, असे मात्र नाही. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 26 नुसार हुकूमनाम्यानंतरही त्याच न्यायालयाकडे मुलांविषयीचे आदेश बदलून मागता येतात, आणि ताब्याचे आदेश परिस्थितीनुसार बदलू शकतात हे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्येच रोझी जेकब प्रकरणात सांगितले आहे. पण ‘नंतर अर्ज करू’ याचा व्यवहारातला अर्थ पाहा. अर्ज, नोटीस, नोटीस न बजावता परत येणे, पुन्हा नोटीस, म्हणण्यासाठी मुदत, समुपदेशकाचा अहवाल, मध्ये उन्हाळी सुट्टी आणि एखाद्या वेळी न्यायाधीशांची बदली. मुलांच्या निर्वाह व शिक्षणाचा अंतरिम अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे त्याच कलमात म्हटले आहे. भेटीच्या अर्जाला तेवढीही मुदत घातलेली नाही. तोपर्यंत मुलगी आठ-नऊ वर्षांची होईल, आणि न्यायाधीशांनी विचारल्यावर ‘मला बाबांकडे जायचे नाही’ असे म्हणू लागेल. त्या उत्तराला किती वजन मिळेल हे आज सांगता येणार नाही, पण वजन मिळते, एवढे नक्की.

म्हणून जे करायचे ते हुकूमनाम्याच्या आधी. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 13-ब प्रमाणे संमतीच्या घटस्फोटात अर्जानंतर सहा महिन्यांनी, आणि अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा संमती सांगायची असते; सहा महिन्यांची अट योग्य प्रकरणी शिथिल होऊ शकते, हे 2017 पासून मान्य आहे. संमती हुकूमनाम्याच्या दिवसापर्यंत टिकून असावी लागते आणि तोवर ती मागेही घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सुरेष्टा देवी प्रकरणात म्हटले. हे धमकीसाठी वापरू नका. मात्र अट स्पष्ट झाल्याशिवाय तुमची संमती पूर्ण नाही, हे पत्नीच्या वकिलांना लेखी कळवायला काहीच हरकत नाही. दोघांच्या सहीने सुधारित संमतिपत्र दाखल करता येते.

त्यात अट कशी असावी? साधारण अशी : ‘दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सकाळी 10 वाजता वडील आईच्या इमारतीच्या प्रवेशद्वाराशी मुलीला घेतील आणि रविवारी सायंकाळी 6 वाजता तेथेच आणून सोडतील. मुलीच्या आजारपणामुळे अथवा परीक्षेमुळे भेट चुकल्यास लगतच्या शनिवारी ती भरून दिली जाईल.’ उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्टीची विभागणी तारखांसह लिहा. ‘सणांना भेट’ असे मोघम लिहू नका. तुमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असेल तर गणेश चतुर्थीचे ते दोन दिवस नाव घेऊन लिहा. व्हिडिओ कॉलचे वार आणि वेळ, शाळेचे प्रगतिपुस्तक व पालकसभेची माहिती, आणि आई मुलीला घेऊन नाशिकबाहेर राहायला जाणार असेल तर साठ दिवस आधी लेखी सूचना, हेही हवे. रात्रीचा मुक्काम लगेच मान्य होईल की नाही, सांगता येत नाही. गेल्या चार महिन्यांत मुलगी तुमच्याजवळ एक तासही सलग राहिलेली नसेल, तर पहिले दोन-तीन महिने दिवसाच्या भेटी घेऊन मग मुक्काम, अशी टप्प्याची मागणी अधिक टिकाऊ वाटते. ‘पती भविष्यात मुलीबाबत कोणताही हक्क सांगणार नाही’ असे वाक्य संमतिपत्रात कोठे दडले असेल तर ते काढून घ्या. न्यायालय त्याला शेवटचा शब्द मानीलच असे नाही, पण समोरच्या वकिलांना आयता मुद्दा कशाला द्यावा?

पत्नीने काहीच मान्य केले नाही, तर कलम 26 खाली भेटीचा अंतरिम अर्ज आताच करता येईल. पण त्यामुळे संमतीचा अर्ज फिसकटण्याचा संभव आहे. ती जोखीम घ्यायची का, हे तुमचे वकील सगळी कागदपत्रे पाहूनच सांगू शकतील.

पैसे थांबवू नका. मुलीचा खर्च हे भेटीचे भाडे नव्हे, आणि एक हप्ता चुकला की तुमच्या प्रत्येक अर्जावर पहिले म्हणणे तेच येईल.

तुम्ही ‘अनेकदा फोन केले’ असे लिहिता, पण फोनवर काय बोलणे झाले याचा कागद कोठे आहे? यापुढे प्रत्येक भेटीची विनंती व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर, तारीख-वेळ घालून, दोन सभ्य ओळींत करा; जुन्या भांडणाचा एक शब्दही त्यात नको, कारण ते संदेश उद्या न्यायाधीश वाचतील. तुमच्या हातात साधारण दोन महिने आहेत. सुधारित संमतिपत्राचा मसुदा पुढच्या तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी समोरच्या वकिलांकडे पोहोचवा; तारखेच्या सकाळी न्यायालयाच्या व्हरांड्यात हातात दिलेला मसुदा कोणी नीट वाचत नाही, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.