आधी वही घे

मुली,

परवा नाईट संपवून फोन केलास आणि सिनिअर सिस्टरांचा जाच सांगायच्या आधी पहिलंच म्हणालीस, "माझंच काही चुकत असेल का?" मला राग आला. तुझा नाही, त्या वाक्याचा. 1993 मध्ये हॉस्टेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून मी हेच म्हणत होते.

चुकत असेल तर तेही कळेल, पण आधी वही घे. ड्यूटी सुटली की चार ओळी लिही. "सिस्टर टोचून बोलतात" असलं नको, त्याला कुणी विचारत नाही. "12 तारीख, सकाळी ड्यूटी सोपवतानाचा ओव्हर, बेड 9, नातेवाइकांदेखत 'तुला पास कुणी केलं' म्हणाल्या, शेजारी वॉर्डातल्या मावशी होत्या," असं लिही. पेशंटचं नाव नको, बेड नंबर पुरे. जे लिहिलं नाही ते केलंच नाही, हे चार्टबद्दल आपण घोकतो. मग स्वतःच्या बाबतीत काय होतं गं?

टोमण्यांपेक्षा तुझी दुसरी गोष्ट मला जास्त लागली. बेड 14 चं इन्सुलिन नाईटनं दिलं होतं. ओव्हरमध्ये कुणी बोललं नाही, चार्टवर सही नाही. पेशंटच "मघाशी टोचलं की" म्हणाला, म्हणून दुसरा डोस टळला. तो गुंगीत असता तर? ज्युनिअरची जिरवायला अर्धा ओव्हर देतात, आणि जीव जातो तिसऱ्याचाच. हे सगळ्यात आधी लिही. उद्यापासून ओव्हर टेबलापाशी घेऊ नकोस, बेडपाशी उभी राहून, चार्ट हातात धरून घे. हसतील. हसू देत.

आता माझं. मी परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते तेव्हा रात्री चाळीस पेशंटना दोघी असायच्या. शिकाऊ रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स हा नर्सिंग कौन्सिलचा निकष आम्ही फक्त परीक्षेत लिहिला. एका नव्या मुलीला इंजेक्शनचा ट्रे लावायला उशीर झाला. मी तो सगळ्यांसमोर रिकामा करून पुन्हा लावायला लावला. तीनदा. तिसऱ्यांदा तिच्या हातून अँप्युल फुटलं, तर मी म्हणाले, "पगारातून कापू." शिस्त होती ती. आम्हालाही असंच घडवलं होतं. चार दिवस सासूचे संपले की सून तीच गादी चालवते. दोन महिन्यांत ती मुलगी नोकरी सोडून गेली. माणसं पुरेशी असती तर मी अशी वागले नसते, असं अजून वाटतं. असो. वागले.

तिच्याकडे वही नव्हती. असती तर मेट्रनपुढे मला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि बरं झालं असतं.

तू तक्रारीचा अर्ज दे, लेखी, आणि आवक शिक्का मारलेली पोच घे. तोंडी रडगाणं चहाबरोबर संपतं. सलग नाईट लावतात म्हणतेस, तर रोस्टर लागलं की दर महिन्याला फोटो काढ. कुणी अश्लील बोललं, अंगचटीला आलं, तर कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं अंतर्गत समिती आहे; तीन महिन्यांच्या आत तक्रार दे. नुसत्या जाचाला तो कायदा लागत नाही. तिथे तुझी वही आणि ती पोच, एवढंच हाताशी.

राजीनाम्याचा मसुदा पाठवलास, तो मी उघडलेला नाही. शुक्रवारी तुझा ऑफ आहे ना? झोप काढ, नीट जेव, मग फोन कर. वही पुढ्यात घेऊन.