घर तातडीने सोडावं लागलं तर बॅगेत काय भरून ठेवावं?

चाकांची बॅग नको, पाठीवरची सॅक घ्या. जिने उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात. भरून झाली की पाठीवर टाकून जिना चढून-उतरून बघा. जड वाटली तर कपडे कमी करा, औषधं नाही.

पाणी माणशी दिवसाला साधारण ४ लिटर धरतात. पण तीन दिवसांचं म्हणजे १२ किलो ओझं झालं! म्हणून सॅकमध्ये २ लिटर आणि पाणी शुद्ध करायच्या गोळ्या ठेवा. बाकीचा कॅन दाराशी असू द्या, गाडी मिळाली तर उचलता येईल.

सगळ्यात जास्त घोळ औषधांत होतो. रोजच्या गोळ्या किमान सात दिवसांच्या, आणि मूळ पाकिटातच ठेवा. सुट्या करून डबीत भरल्या की नाव, मात्रा, मुदत काहीच कळत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत सोबत हवी. इन्सुलिन आधी भरून ठेवता येत नाही, त्यामुळे दाराच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरांत लिहून चिकटवा: 'फ्रिजमधलं इन्सुलिन घ्या'. चष्म्याची जुनी जोडीही टाका.

ओळखपत्रं, घराची आणि विम्याची कागदपत्रं झिपच्या प्लास्टिक पिशवीत. थोडी रोकड लहान नोटांत, कारण वीज गेली की कार्ड चालेलच असं नाही.

टॉर्चमधले सेल काढून वेगळे ठेवा. आतच राहिले तर गळून टॉर्च खराब करतात. पॉवर बँक नुसती पडूनही उतरते, ती दर तीन महिन्यांनी चार्ज करा. सॅकशेजारी बंद बूट ठेवा, अंधारात फुटक्या काचांवरून चपला घालून चालणं धोक्याचं.