टॉप फ्लोअरचा पॅसिव्ह फ्लॅट: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: एका पॅसिव्ह बिल्डिंगमधला (म्हणजे भरपूर इन्सुलेशन, हवाबंद बांधणी आणि ताज्या हवेसाठी वेंटिलेशनचं मशीन असलेली बिल्डिंग) सगळ्यात वरचा फ्लॅट बघून आलो. तीन बाजूंनी जमिनीपासून छतापर्यंत काचा, मोठी टेरेस, लिफ्ट थेट घरात उघडते. सेल्सवाला म्हणतो बिल्डिंग सर्टिफाइड आहे, उन्हाळ्यात काही वेगळं करावंच लागणार नाही. नवरा टोकन द्यायला निघालाय आणि मला त्या काचा बघूनच धडकी भरलीये. कोणाचं बरोबर?

तुमचं. टोकन थोडे दिवस थांबू दे.

सेल्सवाला खोटं बोलतोय असं नाही, पण तो बिल्डिंगबद्दल बोलतोय आणि तुम्ही घेताय फ्लॅट. पॅसिव्ह हाउसचा जो मूळचा जर्मन स्टँडर्ड आहे त्यात हीटिंगसाठी दर चौरस मीटरला वर्षाला 15 युनिटपर्यंत उष्णता चालते आणि वेगळं कूलिंग नसेल तर वर्षातले जास्तीत जास्त 10 टक्के तास घर 25 डिग्रीच्या वर गेलेलं चालतं. 8760 तासांचे 10 टक्के म्हणजे 876 तास, हेच मुळात कमी नाहीत, आणि खरी गोम पुढे आहे. हे गणित साधारण अख्खी बिल्डिंग एकच खोली आहे असं धरून केलेलं असतं, म्हणजे मधल्या मजल्यावरचे गारेगार फ्लॅट आणि तुमचा उन्हातला फ्लॅट यांची सरासरी निघते, सरासरी पास होते, सर्टिफिकेट मिळतं, आणि वरचा माणूस घामाघूम. जर्मनीतल्या डार्मस्टाटला 1991 मध्ये जी पहिली पॅसिव्ह घरं झाली ती एकमेकांना चिकटलेली चार बुटकी घरं होती. शेजारच्याची भिंत हेच निम्मं इन्सुलेशन. पेंटहाउसचं अगदी उलट, वर स्लॅब तापतो, चारी बाजू उघड्या, आणि समोरच्या इमारतीची सावली मिळायचा प्रश्नच नाही (त्याच व्ह्यूचे तर पैसे घेतात).

आता काचेचा हिशोब. ट्रिपल ग्लेझिंग, म्हणजे तीन थरांची काच असली की ऊन आत येत नाही असा खूप जणांचा समज असतो, तसं नसतं. आतली ऊब बाहेर जाऊ न देणं हे तिचं मुख्य काम. ऊन किती आत येणार ते जी व्हॅल्यूवरून कळतं. समजा पश्चिमेला 10 चौरस मीटर काच आहे, जी व्हॅल्यू 0.5 (म्हणजे उन्हाची निम्मी उष्णता आत), आणि संध्याकाळचं ऊन काचेवर दर चौरस मीटरला 600 वॅट पडतंय असं धरा. आत आले 3000 वॅट, म्हणजे हजार वॅटचे तीन हीटर चालू! ते पण अशा घरात जिथून उष्णता मुद्दाम बाहेर जाऊ दिलेली नाही. वेंटिलेशनच्या मशीनला हे झेपत नाही, ते ताज्या हवेसाठी असतं, कूलिंगसाठी नाही, आणि त्यातून फिरणारी हवाही थोडीच असते.

म्हणून मार्बल कुठलं, किचन कोणत्या कंपनीचं हे नंतर बघा, आधी काचेच्या बाहेरून सावलीची सोय काय आहे ते विचारा. आतले पडदे कितीही भारी लावा, ऊन काचेतून आत आलं की आलं. आणि बाहेरचे ब्लाइंड्स आहेत असं म्हणाले तरी पुढचा प्रश्न तयार ठेवा, की किती वारा सुटल्यावर ते आपोआप वर जातात? वाऱ्याने तुटू नयेत म्हणून सेन्सर असतो, उंचावर वारा जास्त, त्यामुळे कडक ऊन आणि वारा एकदम असला की नेमके तेव्हाच ब्लाइंड्स वर गुंडाळलेले, हे ब्रोशरमध्ये कोणी लिहीत नाही. दोन काचांच्या मधे बसवलेले ब्लाइंड्स किंवा दोन्ही कडांना पट्टीत अडकवलेले स्क्रीन वाऱ्यात जास्त टिकतात.

नवऱ्याला सांगा, बिल्डरकडे फक्त या एका फ्लॅटचं ओव्हरहीटिंगचं कॅल्क्युलेशन माग, लेखी. देत असेल आणि आकडे बरे असतील तर जरूर घ्या, थंडीत असं घर म्हणजे खरंच सुख असतं. देत नसेल तर त्याच बिल्डिंगमधला एक-दोन मजले खालचा बघा.

प्रश्न: अशा घरात खिडक्या उघडता येत नाहीत हे खरं का?

नाही हो. खुशाल उघडा. थंडीत उघडायची गरज पडत नाही एवढंच, आणि उन्हाळ्यात तर रात्री उघडायलाच हव्यात, दिवसभराची उष्णता त्याच वाटेने जाते. फक्त वरच्या मजल्यावर लहान मुलं आणि वारा दोन्ही सांभाळून उघडतील अशा आहेत का, ते स्वतः हाताने उघडून बघा.

प्रश्न: पझेशन मिळालंय. इंटिरियरवाला किचनच्या चिमणीसाठी बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं म्हणतोय आणि टेरेसवर पर्गोला ठोकायचाय. चालेल?

त्याला आधी थांबवा. बिल्डिंगची ब्लोअर डोअर टेस्ट, म्हणजे हवा किती गळते ते मोजणारी चाचणी, झालेली असते, त्यात 50 पास्कल प्रेशरला तासाभरात आतल्या हवेच्या 0.6 पटीपेक्षा जास्त गळती चालत नाही, आणि तुमचा कारागीर चार इंचाचं भोक पाडणार! शिवाय चिमणी हवा बाहेर फेकते तेवढी आत यायला वाट लागते, ती नसली की चिमणी नुसती घुरघुरते. कार्बन फिल्टरवाली, हवा आतच फिरवणारी चिमणी घ्या, वाफ आणि ओलावा वेंटिलेशन काढतं.

पर्गोल्याचे बोल्ट इन्सुलेशन भेदून स्लॅबमध्ये गेले तर प्रत्येक बोल्ट थंडी आत आणतो, खाली छताला ओल धरू शकते आणि वॉटरप्रूफिंगची वाट लागते ती वेगळीच. वजनावर उभा राहणारा, कुठेही न ठोकलेला पर्गोला मिळतो, पण वाऱ्याचा हिशोब स्ट्रक्चरल इंजिनियरकडूनच करून घ्या, अंदाजाने नको.

प्रश्न: आम्ही दोघंच राहतो, फ्लॅट अवाढव्य. थंडीत घसा कोरडा पडतो, सकाळी ओठ फुटलेले. मशीन खराब असेल का?

बहुतेक मशीन नाही, सेटिंग. माणशी तासाला साधारण 30 घनमीटर ताजी हवा पुरते. तुमच्याकडे क्षेत्रफळावरून पाच-सहा जणांची हवा सेट केलेली असेल, बाहेरची थंड हवा तापली की कोरडी होते आणि ती तुम्हा दोघांवर दिवसरात्र येतेय. टेक्निशियनला बोलावून फ्लो कमी करून घ्या, मशीन पूर्ण बंद मात्र करू नका. तरी फरक नाही पडला तर ओलावाही परत आणणारा एक्स्चेंजर त्या मॉडेलला बसतो का ते विचारा, बऱ्याच मशीन्सना बसतो. आणि टेक्निशियन आलाच आहे तर फिल्टर उघडून दाखवायला सांगा, काळे पडलेले असले तर तेव्हाच बदलून घ्या.