शेजाऱ्याचं पार्सल

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

जर्मनीत येऊन दोन महिने झाले, तरी वर्ग आणि खोली सोडली तर कुणाशी बोलणं होत नाही, असं लिहिलंस. 'इथली माणसं थंड आहेत' हा शिक्का इतक्यात मारू नकोस. आपल्याकडे आधी ओळख होते, मग कामं निघतात. तिथे बरेचदा उलटं असतं. आधी एकमेकांचं एखादं बारीकसं काम होतं, तीन-चारदा होतं, आणि मग कुठे गप्पांना तोंड फुटतं. म्हणून तूही कामापासून सुरुवात कर.

सगळ्यात सोपं काम म्हणजे पार्सल. घरी कुणी नसलं की कुरिअरवाला पार्सल शेजाऱ्याकडे ठेवतो आणि पत्रपेटीत चिठ्ठी टाकून जातो. तुझ्या दारात दुसऱ्याचं पार्सल आलं तर नाही म्हणू नकोस. माणूस संध्याकाळी न्यायला आला की दार फटीपुरतं नको, पूर्ण उघड आणि नाव सांग. तुझं पार्सल कुणाकडे ठेवलं असेल तर त्याच दिवशी सहा ते आठच्या दरम्यान जाऊन आण. दोन दिवस तसंच राहिलं की त्यांच्या दारात अडगळ होते, आणि रात्री नऊनंतर बेल वाजवलेली कुणालाच आवडत नाही. पण हे सगळं घडायला तुझं नाव घंटीवर आणि पत्रपेटीवर हवं. तिथल्या पत्त्यात बहुधा फ्लॅट क्रमांक नसतो, पोस्टमन नाव बघूनच टपाल टाकतो. पोटभाडेकरू असशील तर मूळ भाडेकरूला विचारून त्याच्या नावाखाली तुझं चिकटव. नाही तर पार्सलच काय, सरकारी पत्रंही परत जातील.

आवाजाचं आता सांगते. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि रविवारी व सुटीला दिवसभर. ड्रिल मशीन तर नाहीच, रिकाम्या काचेच्या बाटल्या चौकातल्या डब्यात टाकणंसुद्धा रविवारी चालत नाही. चटणीचा मिक्सर शनिवारी दुपारीच फिरवून घे. घरी आठ-दहा जण बोलवायचे असतील तर तीन-चार दिवस आधी जिन्यात चिठ्ठी लाव: तारीख, वेळ, तुझं नाव, मजला आणि फोन नंबर. चिठ्ठी लावली म्हणून रात्रभर गाणी लावायची मुभा मिळत नाही, दहा वाजता खिडक्या बंद करायच्याच. पण नंबर हाताशी असला की वैतागलेला शेजारी पोलिसांच्या आधी तुला फोन करतो. फोडणीचा वास घालवायला जिन्याकडचं दार उघडू नकोस. खिडकी सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळू दे.

मैत्रीसाठी 'फेराइन' गाठ. फेराइन म्हणजे मंडळ किंवा क्लब: बॅडमिंटन, गिर्यारोहण, गायन, काहीही. एक-दोनदा फुकट येऊन बघता येतं, तेवढं कर आणि मग एकच निवड. दर आठवड्याला नवा कार्यक्रम शोधणाऱ्या मुलांना शंभर चेहरे दिसतात, पण मित्र एकही मिळत नाही. तेच लोक, तोच वार, तीच वेळ, असं निदान तीन महिने जात राहा. सरावानंतर जाळी गुंडाळायला, चटया उचलायला थांब, कारण खरं बोलणं त्या दहा मिनिटांत होतं. सभासद होताना मुदत वाच. बऱ्याच ठिकाणी वर्षअखेरीसच आणि आधी लेखी कळवूनच बाहेर पडता येतं.

कुणी भेटायचं म्हटलं तर तारीख आणि वेळ ठरव. दोन-तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली तर तो नकार समजू नकोस, त्यांनी तुला वहीत जागा दिली आहे. 'ये ना कधीतरी' एवढ्यावर कुणी येत नसतं. पाच मिनिटं जरी उशीर होणार असला तरी निरोप टाक. वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र आदल्या दिवशी देऊ नकोस, ते अशुभ मानतात.

आता आपली माणसं. मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, तिथे जरूर जा. पण गणपतीत नुसतं जेवून येऊ नकोस, एखादं काम माग. भाड्याचा हॉल ठरलेल्या वेळेला झाडून, खुर्च्या रचून परत द्यायचा असतो आणि नेमकी त्या वेळेला माणसं कमी पडतात. धूप-आरतीआधी हॉलच्या माणसाला विचारायला हवं. धुराचा अलार्म वाजून अग्निशमन दल आलं तर खर्चाचं बिल मंडळाच्या माथी येऊ शकतं. सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायचा असेल तर भांड्यावर चिठ्ठी हवीच. साबुदाण्याच्या खिचडीतलं दाण्याचं कूट परक्या माणसाला दिसत नाही, आणि शेंगदाण्याची अॅलर्जी जिवावर बेतते. म्हणून 'शेंगदाणे', 'दूध', 'काजू' असं जर्मनमध्ये ठळक लिही. भारतातून येणाऱ्या मित्राला तूप किंवा पेढे आणायला सांगू नकोस. दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून युरोपीय संघात आणायला बंदी आहे, आणि विमानतळावर पकडला जाईल तो बिचारा. कुणाचं बंद पाकीट तूही नेऊ नकोस. आपल्यासमोर उघडून, बघून मगच बॅगेत घाल.

घरात बिगरमराठी मैत्रीण असेल तर जेवताना मराठी बोलू नका. तिला हळूहळू एकटं पाडल्यासारखं होतं आणि ती ते बोलून दाखवत नाही. पैशांचा हिशेब तोंडी ठेवू नका. रेडिओ-टीव्हीची वर्गणी माणशी नसून घरटी असते, महिन्याला 18.36 युरो. तिघी असाल तर प्रत्येकीचे 6.12. एकीने भरायचे आणि दोघींनी महिन्याच्या ठरलेल्या तारखेला तिला द्यायचे. रक्कम चिल्लर आहे, पण मागायला संकोच वाटतो आणि मनात अढी बसते ती अशाच रकमांवरून.

हिवाळ्याची तयारी ऑक्टोबरातच कर. बर्लिनमध्ये डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, भारताशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. संध्याकाळी सहाचा तुझा फोन मग घरी साडेदहाला वाजतो, आई-बाबा पेंगुळलेले असतात, बोलणं आटोपतं घेतात आणि तुला उगाच तुटल्यासारखं वाटतं. घरचा फोन दुपारच्या सुटीत कर. संध्याकाळ कुणाबरोबर तरी चालायला ठेव, वार ठरवून, पाऊस असला तरी.

आणि एक काम याच आठवड्यात कर. तिथली दारं नुसती ओढली तरी बंद होतात आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत. कचरा टाकायला चपलांवर बाहेर पडलीस आणि किल्ली आत राहिली, तर रविवारी कुलूपवाल्याला बोलावणं फार महागात पडतं. जादा किल्ली चालण्याच्या अंतरावरच्या माणसाकडे असू दे. घरमालकाने दिलेल्या किल्ल्या मोजून परत द्यायच्या असतात, म्हणून कुणाकडे ठेवलीस ते लिहून ठेव. कुणाकडे ठेवायची, हा प्रश्न पडला तर पार्सल न्यायला येणाऱ्या शेजारणीला विचारून बघ. आणि तिची किल्ली तुझ्याकडे ठेवायची का, तेही विचार.

तुझी,
मावशी