मुलीसाठी राजघराण्यातले वाटेल, पण फारसे कानावर न पडलेले नाव कोणते ठेवावे?

आपण लिहिले आहे की पुढच्या महिन्यात नाशिकला आपल्या मुलीचे बारसे आहे, नाव उच्चारताच त्यात राजेपण जाणवावे, वर्गात त्याच नावाच्या आणखी तिघी नसाव्यात, आणि मुलीने मोठेपणी अर्थ विचारला तर तो खात्रीने सांगता यावा. यातली तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण नावांच्या बहुतेक याद्या तिथेच फसवतात. कोणतेही गोड ध्वनीचे अक्षरसमूह जुळवून त्यापुढे ‘राजकन्या’ किंवा ‘देवी लक्ष्मी’ असे लिहिलेले असते, आणि आपट्यांचा संस्कृत कोश उघडला तर तो शब्दच सापडत नाही. म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे, आणि तोच आपल्याला सुचवते. नावाच्या अर्थात ‘राणी’ आहे म्हणून ते राजस होत नाही. ते नाव धारण करून एखाद्या स्त्रीने खरोखर राज्य सांभाळले असेल, दानपत्रे दिली असतील, दगडावर किंवा तांब्यावर ते कोरले गेले असेल, तर ते राजस. अशी नावे शोधायला आपल्याला दूर जावे लागणार नाही. त्यांतले एक तर आपल्याच गावात आहे.

पांडवलेणीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातली राणी गौतमी बलश्री हिचा प्राकृत शिलालेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९व्या वर्षी, तिने ते लेणे भिक्षुसंघाला दान दिले. ज्या मुलाचे, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीचे, पराक्रम आपण शाळेत शिकलो, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असे वर्णन येते, ते वर्णन याच लेखातले आहे. म्हणजे त्या राजाची कीर्ती आपल्यापर्यंत त्याच्या आईच्या दानलेखातून पोहोचली, आणि तो स्वतःही आईच्या नावानेच ओळखला जातो. त्या लेखात ती स्वतःला महादेवी, महाराजाची माता आणि महाराजाची पितामही म्हणवते, आणि सत्यवचन, दान, क्षमा व अहिंसा यांत रमलेली, राजर्षीच्या वधूला शोभेल असे वागणारी, अशी तिची ओळख येते. ‘बल’ म्हणजे सामर्थ्य आणि संस्कृतात सैन्यही. ‘श्री’ म्हणजे वैभव, शोभा, लक्ष्मी. बलश्री म्हणजे सामर्थ्याचे वैभव. प्राकृतात हेच नाव ‘बलसिरी’ असे कोरलेले आहे. आज हे नाव मी एकाही पाळण्यावर ऐकलेले नाही, आणि याचे मला मनापासून आश्चर्य वाटते, कारण ते लहान आहे, त्यात जोडाक्षर एकच आहे आणि त्याचा अर्थ कोणत्याही मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

सातवाहनांच्याच घराण्यातले दुसरे नाव नागनिका. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील गुहेत सातवाहन राजपरिवाराचे पुतळे कोरलेले होते. आता पावलांखेरीज त्यांचे काही उरलेले नाही, पण वरची नावे टिकली आहेत आणि त्यांत ‘देवि नायनिकाय’ असे सिरी सातकर्णीच्या राणीचे नाव वाचता येते. तेथील मोठ्या लेखात अश्वमेधासारखे यज्ञ आणि त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या हजारो गाई व कार्षापणे, म्हणजे त्या काळची नाणी, यांची नोंद आहे, आणि महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखे जगणारी अशी राणीची वर्णने आहेत. ज्यांना ‘नायनिका’ हे रूप आवडते ते त्याचा संबंध डोळ्यांशी, म्हणजे ‘नयन’ शब्दाशी जोडतात. तो बरोबर नाही. प्राकृतात दोन स्वरांमधला ग पुष्कळदा य होतो, म्हणून नायनिका हे नागनिकाचेच बोलीतले रूप आहे आणि मुळाशी ‘नाग’ शब्द आहे. राजा-राणी दोघांची नावे असलेले चांदीचे नाणेही सापडले आहे आणि त्यावर ‘नागनिका’ हेच रूप आहे. दोन हजार वर्षांपूर्वी राणीचे नाव नाण्यावर येणे ही लहान गोष्ट नव्हे. घरी हाक मारायला ‘निका’ हे रूप आपोआप तयार होते, हा या नावाचा आणखी एक गुण. नाग या शब्दाने घरातल्या वडीलधाऱ्यांचे मन कचरत असेल तर मात्र आग्रह धरू नये. ज्या नावाला आजीच बिचकते ते नाव घरात नीट हाकारले जात नाही.

विदर्भात गेलो तर प्रभावती. आपण म्हणाल, हे तर पणजीचे नाव झाले. खरे आहे, पण आजच्या पाळण्यात ते दुर्मीळच झाले आहे, आणि ज्या प्रभावतीबद्दल मी बोलते आहे ती जाणून घेतल्यावर ते जुनाट वाटत नाही. प्रभावती गुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची आणि नागकुळातल्या कुबेरनागेची मुलगी, वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. पती अकाली गेल्यावर मुले लहान असताना तिने रामटेकजवळच्या नंदिवर्धनहून राज्यकारभार पाहिला. तिचे ‘पुणे ताम्रपट’ आणि अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूरचा ताम्रपट प्रसिद्ध आहेत, आणि त्यांत वंशावळ सांगताना ती आपल्या माहेरच्या गुप्तवंशाची परंपरा अभिमानाने देते. सासरच्या राज्यात, सासरच्या मुलखातली जमीन दान देताना, चौथ्या-पाचव्या शतकात एक स्त्री वडिलांचे कुळ सांगते! ‘प्रभा’ म्हणजे तेज. प्रभावती म्हणजे तेजस्विनी. ‘प्रभाव’ शब्दाशी त्याचे जे ध्वनिसाम्य आहे तेही तिच्या बाबतीत शोभून दिसते.

कोकणाचेही एक नाव आहे. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याचा मुलगा चंद्रादित्य, त्याची राणी विजयभट्टारिका हिची दानपत्रे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील नेरूर आणि कोचरे येथे मिळाली. ‘भट्टारिका’ म्हणजे पूज्य स्वामिनी. ती पदवी आहे, नाव म्हणून जड होईल. पण काही अभ्यासक या राणीला संस्कृत कवयित्री विजयांका हिच्याशी एकरूप मानतात, आणि ‘विजयांका’, म्हणजे विजयाचे चिन्ह धारण करणारी, हे नाव मला फार देखणे वाटते. गोव्याच्या कदंबांची कमलादेवी, जिने बेळगाव जिल्ह्यातील देगावला कमलनारायणाचे देऊळ बांधवले, किंवा पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर ज्या राणीने उभारले ती लोकमहादेवी, या दोघी थोर. पण कमला आता अगदी परिचित आहे आणि लोकमहादेवी शाळेच्या ओळखपत्रावर मावणार नाही.

‘राज’ या अक्षरांनीच सुरुवात व्हावी अशी आपली इच्छा असेल, तर राज्यश्री घ्या. सम्राट हर्षवर्धनाची ही बहीण, कनोजच्या मौखरी घराण्यातल्या ग्रहवर्म्याची राणी. अर्थ सरळ आहे, राज्याची लक्ष्मी. माझ्या भावाला मुलगी झाली तेव्हा आत्या म्हणून तिच्या कानात हेच नाव मी सांगितले, आणि पाठीवर बसलेले धपाटे अजून आठवतात. पण पुढे जे घडले तेही सांगणे माझे कर्तव्य आहे. शाळेच्या पटावर, लसीच्या कार्डावर, बक्षिसाच्या प्रमाणपत्रावर तिचे नाव दर वेळी ‘राजश्री’ असे लिहिले गेले, आणि दुरुस्तीचे अर्ज करता करता भावजय थकली. राजश्री हा वेगळा शब्द आहे. जुन्या मराठी पत्रांत ‘राजमान्य राजश्री’ असे पुरुषांना उद्देशून लिहिण्याची रीत होती, आणि रा. रा. हे त्याचेच संक्षिप्त रूप. भाची मात्र आज बारा वर्षांची आहे आणि भेटणाऱ्या प्रत्येकाला न चुकता सांगते, ‘ज्य, ज नाही.’

‘राजसी’ या नावाबद्दल आपण विशेष विचारले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. याद्यांत त्याचा अर्थ ‘राजेशाही’ असा देतात. संस्कृतात मात्र राजसी म्हणजे रजोगुणी. गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रद्धेचे सात्त्विकी, राजसी आणि तामसी असे तीन प्रकार सांगितले आहेत, तिथला हा शब्द. त्याचा राजाशी संबंध नाही, रजाशी आहे. पण मराठीने ‘राजस’ या शब्दाला स्वतःचे वेगळे आयुष्य दिले. तुकोबांनी विठ्ठलाला ‘राजस सुकुमार’ म्हटले, तेव्हा त्यांच्या मनात रजोगुण नव्हता, देखणेपणा आणि लाडकेपण होते. छत्रपती राजाराम महाराजांच्या एका राणीचे, कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजी महाराजांच्या मातोश्रींचे, नाव राजसबाई होते. तेव्हा हा अर्थ हवा असेल तर नाव ‘राजस’ असेच ठेवावे, त्याला संस्कृत ई-कार लावू नये. मराठीने घडवलेला अर्थ मराठी रूपातच सुरक्षित राहतो. आजकाल हे नाव मुलांनाही ठेवतात, ते आपल्याला चालत असेल तर यापेक्षा गोड राजेपण मला दुसऱ्या शब्दात दिसत नाही.

सरळ ‘राणी’ असाच अर्थ हवा असेल तर राज्ञी आणि सम्राज्ञी हे दोन खरे शब्द आहेत. सम्राज्ञी ऋग्वेदाच्या विवाहसूक्तात येतो, ‘सम्राज्ञी श्वशुरे भव’, सासरी तू सम्राज्ञी हो, असा नववधूला आशीर्वाद देताना. राज्ञी म्हटले की मला येसूबाईंची म्हणून सांगितली जाणारी ‘श्री सखी राज्ञी जयति’ ही मुद्रा आठवते. १६८९ मध्ये रायगड पडल्यापासून १७१९ पर्यंत कैदेत राहिलेल्या त्या राणीसाठी हा शब्द किती अचूक आहे. अडचण ‘ज्ञ’ची. आपण त्याचा उच्चार ‘द्न्य’ करतो, हिंदी भाषक ‘ग्य’ करतात, आणि रोमन लिपीत लिहिताना दोन्ही पद्धती चालतात. त्यामुळे आधारकार्ड, पारपत्र आणि शाळेचा दाखला यांवर स्पेलिंग वेगवेगळे होण्याचा धोका मोठा आहे. हे नाव निवडल्यास पहिल्याच दिवशी एक स्पेलिंग ठरवा आणि ते कुठेही बदलू देऊ नका. ‘महिषी’ हाही पट्टराणीसाठीचा अस्सल शब्द आहे, पण आपल्या ‘म्हशी’चे मूळ तेच असल्यामुळे मुलीला वर्गात त्रास होईल, ते टाळावे.

शिलालेखांतली नव्हेत, पण काव्यांतली राजकन्यांची नावे पाहिली तर विदर्भ फार श्रीमंत आहे: लोपामुद्रा, दमयंती, रुक्मिणी, सगराची राणी केशिनी, आणि रघुवंशात अजाला स्वयंवरात वरणारी भोजांची इंदुमती. माझी निवड मात्र त्याच काव्यातल्या मगधाच्या कन्येची, दिलीपाची राणी सुदक्षिणा हिची. कालिदास म्हणतो की तिच्या दाक्षिण्यामुळेच ते नाव रूढ झाले, आणि यज्ञाला जशी दक्षिणा तशी दिलीपाला ती. दाक्षिण्य म्हणजे दुसऱ्याचे मन ओळखून वागण्याची उदार रीत. या नावात सत्तेपेक्षा सौजन्य अधिक आहे, म्हणून ते ऐकणाऱ्याला दबवत नाही. एका नावापासून मात्र सावध करते. तिष्यरक्षिता हे अशोकाच्या राणीचे नाव ध्वनीने भारदस्त आहे, पण कथेत तिच्या कारस्थानामुळे अशोकाचा मुलगा कुणाल याचे डोळे गेले. अशोकाच्या घराण्यातलेच हवे असेल तर स्तंभलेखात कोरलेली कारुवाकी आहे, आणि तिचे ‘चारुवाकी’ असे रूप घेतले तर अर्थ होतो सुंदर वाणीची.

आपल्या जागी मी असते तर बलश्री निवडले असते. पाळण्याच्या गाण्यात ते सहज बसते, आडनावाशी भांडत नाही, आणि मुलगी वाचायला शिकली की तिला पांडवलेणीच्या पायऱ्या चढवून, ज्या लेण्यात हे नाव कोरले आहे, तिथे उभे करता येईल. बारशापर्यंत निर्णय झाला नाही तरी घाई करू नका: जन्मनोंदणीत बाळाचे नाव पहिल्या १२ महिन्यांत विलंबशुल्काशिवाय भरता येते. तोवर मनात असलेली दोन-तीन नावे घरात आळीपाळीने मोठ्याने हाकारून पाहा, स्वयंपाकघरातून अंगणापर्यंत, आणि आजीलाही हाकारायला सांगा.