डिस्क पूर्ण एन्क्रिप्ट केली आहे, मग लॅपटॉप हॉटेलच्या खोलीत ठेवून दिवसभर बाहेर गेलं तर काय बिघडतं?

लॅपटॉप पूर्ण बंद असेल, सुरू होताना पासवर्ड मागत असेल आणि चोर तो घेऊन पसार झाला, तर फार काही बिघडत नाही. यंत्राचे पैसे जातात, आतली माहिती त्याच्या हाती लागत नाही. पण तुम्ही लिहिलंय की बिटलॉकर (विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट करायची सोय) चालू आहे, लॅपटॉप उघडला की थेट विंडोजची लॉगिन स्क्रीन येते आणि बाहेर जाताना तुम्ही फक्त झाकण मिटता. या दोन्ही गोष्टी मला खटकतात.

आधी झाकणाचं. झाकण मिटलं की लॅपटॉप सहसा स्लीपमध्ये जातो, बंद होत नाही. एन्क्रिप्ट केलेली डिस्क उघडणारी किल्ली तेव्हाही रॅममध्येच, म्हणजे लॅपटॉपच्या तात्पुरत्या स्मृतीतच असते. वीज गेली की रॅम लगेच कोरी होते असा समज होता. २००८ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी तो खोटा ठरवला. धूळ उडवायचा दाबलेल्या हवेचा डबा उलटा धरून फवारला की रॅमची चिप उणे ५० अंशांपर्यंत गार होते, आणि मग वीज तोडल्यावरही तिच्यातली माहिती कित्येक मिनिटं टिकते. या पद्धतीने त्यांनी बिटलॉकर आणि त्याच कामाचे फाइलव्हॉल्ट, ट्रूक्रिप्ट, डीएम-क्रिप्ट या सगळ्यांच्या किल्ल्या काढून दाखवल्या. आता बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, त्यामुळे हे काम अवघड झालंय, पण अशक्य नाही. बंद करायला मिनिटही लागत नाही, तेव्हा बंदच करा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पिन न विचारता विंडोज सुरू होतं याचा अर्थ टीपीएम (किल्ली सांभाळणारी सुरक्षा चिप) ती आपणहून देऊन टाकते. टीपीएम वेगळी चिप असेल, तर ती किल्ली बोर्डावरच्या तारांमधून उघडी जाते. २०२४ मध्ये एका संशोधकाने रास्पबेरी पाय पिको हा छोटासा स्वस्त सर्किट बोर्ड वापरून एका जुन्या लॅपटॉपची किल्ली ४३ सेकंदांत टिपली. लॅपटॉप बंद असला तरी इथे उपयोग नाही, कारण हल्लेखोर तो स्वतःच सुरू करतो. टीपीएम प्रोसेसरच्या आतच असेल तर या तारा नसतात, पण त्यावर विसंबून राहू नका. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसी या विंडोजच्या सेटिंगमधून स्टार्टअप पिन चालू करा. रोज सकाळी चार-सहा आकडे जास्त टाकावे लागतील, एवढंच. (रिकव्हरी की, म्हणजे अडचणीत डिस्क उघडायचा लांबलचक आकडा, लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका.)

आता हॉटेलचा खरा धोका, म्हणजे लॅपटॉप चोरीला न जाण्याचा. कोणी खोलीत येतं, काहीतरी करतं आणि लॅपटॉप होता तसा ठेवून जातं. डिस्क कितीही एन्क्रिप्ट केली तरी पासवर्ड विचारणारा छोटा प्रोग्रॅम कुठेतरी उघडा असावाच लागतो. २००९ साली सुरक्षा संशोधक जोआना रुत्कोव्स्का यांनी यूएसबीवरून ट्रूक्रिप्टचा तो प्रोग्रॅम बदलून दाखवला. पुढच्या वेळी मालक पासवर्ड टाकतो आणि तो साठवला जातो. या हल्ल्याला त्यांनी ‘ईव्हिल मेड’ (दुष्ट मोलकरीण) म्हटलं, आणि तेच नाव रूढ झालं. सिक्युअर बूटमुळे (सुरू होताना बदललेला प्रोग्रॅम अडवणारी सोय) हा मार्ग बराच अरुंद होतो. मात्र कीबोर्डच्या वायरीत कोणी काही बसवलं, तर सिक्युअर बूटला ते कळतही नाही.

यातल्या कुठल्याही हल्ल्यात एईएस, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करणारी पद्धत, फोडलेलं नाही, फोडायची गरजच पडत नाही. ‘सिल्क रोड’ हा अमली पदार्थांचा ऑनलाइन काळाबाजार चालवणाऱ्या रॉस अल्ब्रिक्टला २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वाचनालयात पकडलं, तेव्हा एफबीआयच्या लोकांनी शेजारी खोटं भांडण उकरून त्याचं लक्ष वळवलं आणि लॉगिन असलेला लॅपटॉपच उचलला.

तुमच्या मागे एवढं कोणी लागलं असेल असं वाटत नाही. लॅपटॉपमध्ये घरचे फोटो आणि कामाच्या फायली असतील, तर पिन लावून तो बंद करून ठेवणं पुरे. गिऱ्हाइकांची गुपितं असतील तर तो सोबत घेऊन फिरा, कारण खोलीतली तिजोरी हॉटेलवाल्यांनाही उघडता येते. सोबत नेणं जमणारच नसेल, तर तळाच्या स्क्रूंवर चमकीचं नेलपॉलिश लावून जवळून फोटो काढून ठेवा. तो चमकीचा नक्षा पुन्हा हुबेहूब जमवणं जवळपास अशक्य असतं. परतल्यावर तो फोटोशी जुळला नाही, तर त्या लॅपटॉपवर पासवर्ड टाकू नका. डिस्क काढून दुसऱ्या, विश्वासाच्या मशीनला जोडा आणि रिकव्हरी कीने फायली तिथून घ्या.